ओजूची पायारेषा

पट्टा म्हणतो: शांत.

ओजस्वी कासार, वय चौदा, देवपूर, धुळे. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आहे. ताटलीतले पोहे तसेच आहेत. डाव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, दातांचे व्रण आहेत. बरेच जुने, एक ताजा. मनगटावर पट्टा, आणि पट्ट्यावरचा दिवा हिरवा.

तिची मोठी बहीण मृण्मयी आधी दिव्याकडे बघते, मग ओजूकडे. हल्ली सगळं याच क्रमानं होतं.

"हिरवं आहे ना?" शरदमामानं दारातूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

"हिरवं आहे."

"मग झालं तर. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

मामा मृण्मयीचा होकार घ्यायला आला होता. तापीकाठच्या निवासी केंद्रात ओजूसाठी एक जागा रिकामी झाली होती. ती मिळवायला त्यानं ओळखीपाळखी काढून बरीच धावपळ केली होती. मृण्मयीला नाशिकला चांगली नोकरी लागली होती आणि ओजूला तिकडे भाड्याच्या खोलीत दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. आई असती तर प्रश्नच नव्हता. आई हिवाळ्यात गेली. त्या दिवशी ओजूला मामाच्या घरी टीव्हीसमोर बसवलं होतं आणि संध्याकाळी सांगितलं होतं, की आई गावाला गेली.

सुरुवातीला ओजू रोज विचारायची. पुढे अधूनमधून. मग विचारायची थांबली.

"विसरली बघ," मामा तेव्हा म्हणाला होता. पट्ट्याचंही तेच मत पडलं. उन्हाळाभर दिवा हिरवा राहिला. मन शांत आहे, म्हणजे हात चावणं आणि न जेवणं हे दुःख नाही, हे नुसतं वागणं. मतिमंदत्वासोबत येणारं. त्यावर उपाय म्हणजे केंद्राची कडक शिस्त आणि अंग सुस्त करणारी एक गोळी. जिल्हा समितीच्या पुढच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब होणार होतं.

मामा गेला. जाताना ओजूच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. ओजूनं मान वर केली नाही. दिवा हिरवाच होता.

पट्टा काहीच म्हणत नाही. तो तेव्हा नव्हता.

ओजू लहान असताना डॉक्टर नजमा तडवी यांनी तिला प्रश्न विचारून पाहिले होते. सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाचे आजार त्या बघायच्या.

"ओजू, तुला उदास वाटतं?"

"हो."

"तुला आनंद वाटतो?"

"हो."

"तू हत्ती आहेस का?"

"हो," ओजू म्हणाली, आणि डॉक्टरांच्या टेबलावरची घंटी वाजवून पाहिली.

अडचण ही अशी होती. मोठ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारून कळतं. लहान मुलाच्या मनातलं खेळातून, चित्रांतून कळतं. पण बुद्धीची वाढ मागे राहिलेल्या मुलाला 'गेल्या पंधरवड्यात तुला कसं वाटलं' हा प्रश्नच पेलत नाही. पंधरवडा म्हणजे काय, इथपासून तयारी. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ते 'हो' म्हणतं. आणि याहून मोठी अडचण अशी, की त्यानं जेवण सोडलं, झोप सोडली, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं, तरी बघणारे म्हणतात, अशीच असतात ही मुलं. त्याच्या पाटीवर एक शब्द आधीच लिहिलेला असतो, त्यामुळे दुसरा शब्द कुणी वाचत नाही. या मुलांना उदासीचा आजार इतरांपेक्षा कमी होत नाही. तो सापडतच नाही.

म्हणून पट्टा. मनगटाला बांधायचा. दोन ठोक्यांमधलं अंतर किती सारखं किंवा किती कमीजास्त होतं, कातडीला किती घाम सुटला, श्वास कुठवर जातो, आवाज किती ताणलेला आहे, हे तो दिवसभर मोजतो. त्यातली खरी हुशारी पुढे आहे. तो ओजूची तुलना दुसऱ्या मुलांशी करत नाही, ओजूशीच करतो. सुरुवातीला प्रत्येक मुलाचा शांत असतानाचा एक नमुना घेतात. त्याला पायारेषा म्हणतात. पुढचं सगळं या रेषेपासून मोजायचं. रेषेजवळ असलं तर हिरवा दिवा, शांत. दूर गेलं तर पिवळा, अस्वस्थ. फार दूर गेलं तर लाल, त्रासात.

"आता तिला उत्तर द्यावं लागणार नाही," डॉक्टर तडवी ओजूच्या आईला, सुलभाला, म्हणाल्या होत्या. "तिचं शरीर देईल."

ते खरं होतं. शरीर देतच होतं.

घरानं मात्र स्वतःला दिव्याप्रमाणे वळण लावलं. गाणी लावली की ओजू नाचायची आणि दिवा लाल व्हायचा, म्हणून गाणी बंद झाली. झोपाळ्यावर पिवळा व्हायचा, म्हणून झोपाळा काढून माळ्यावर टाकला. वाढदिवसाला फुगे फुटले आणि सगळे पट्ट्याकडेच बघत राहिले. एकटी सुलभा तेवढी दिव्याला जुमानायची नाही.

पट्टा म्हणतो: अस्वस्थ. मग म्हणतो: शांत.

मामा येऊन गेला त्याच दुपारी मृण्मयीनं गाद्या गच्चीवर नेल्या आणि काठीनं झोडपायला घेतल्या. धप. धप. धूळ उडत होती. पाठीमागून एक आवाज आला. ओजू जिना चढून आली होती आणि हसत होती. फार नाही, जरासं, कितीतरी दिवसांनी. प्रत्येक धपेबरोबर तिचे खांदे उडत होते.

दिवा पिवळा झाला.

"ओजू," मृण्मयीचा हात सवयीनं थांबला. "पिवळं झालं बघ."

ओजूनं मनगटाकडे पाहिलं. हसू विझलं. मग तिनं एक हात दुमडून काखेत दाबला, दुसरा त्यावर घेतला, त्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि श्वास अडवला. खांदे कानांपर्यंत चढले. ती दिव्याकडे एकटक बघत राहिली.

दिवा हिरवा झाला.

तेव्हा तिनं मनगट पुढे केलं. काम पुरं करून दाखवणारं मूल करतं तसं.

"हिरवं," ती म्हणाली, आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

एरवी मृण्मयी 'शाब्बास' म्हणायची. किती वेळा म्हणाली असेल. आज तो शब्द वर आलाच नाही. काठी खाली ठेवून तिनं स्वतः हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. तिचाही श्वास बोटापाशी अडला. बालवाडीतल्या बाई आठवल्या, सतरंजी आठवली, लघवीला जायचं होतं आणि विचारता येत नव्हतं, ते आठवलं. असं बसून कुणी शांत होत नाही. नुसतं गप्प होतं.

मग पट्ट्याला हा शांतपणा कुणी शिकवला?

पट्टा म्हणतो: शांत, शांत, शांत, शांत.

ओजूच्या विशेष शाळेत भामरेताई सर्वांत जुन्या शिक्षिका. मृण्मयीनं विचारलं आणि त्यांना तो दिवस लख्ख आठवला. पट्टे आले तेव्हा शाळेत शिबिर भरलं होतं. पुण्याहून एक तंत्रज्ञ मुलगा आला होता. एकेका मुलाला वेगळं घेऊन नमुना घ्यायला वेळ नव्हता, म्हणून सगळ्यांना हॉलमध्ये एकत्र बसवलं. अनोळखी माणसं, वायरी, हातांना घट्ट पट्टे. मुलं बिथरली. कुणी पळत होतं, कुणी रडत होतं. तंत्रज्ञ घायकुतीला आला, म्हणाला, मॅडम, हालचाल असली तर नमुना धरता येत नाही, यांना थोडा वेळ शांत करा.

"मग मी काय म्हणणार?" भामरेताई म्हणाल्या. "आयुष्यभर जे म्हणत आले तेच म्हटलं. हाताची घडी, तोंडावर बोट. एका हाकेत हॉल चिडीचूप. तो पोरगा म्हणाला, मॅडम, तुमच्यासारखी शाळा जिल्ह्यात पाहिली नाही. मी घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं होतं ते."

बोलता बोलता त्या थांबल्या. समोर वर्गात मुलं बसली होती आणि त्यांच्या मनगटांवर ओळीनं हिरवे दिवे लागले होते.

"ओजूची एकटीचीच नाही ना गं ती रेषा," भामरेताईंनी हळूच विचारलं. तो प्रश्न नव्हता.

मोजपट्टी चुकीच्या टोकापासून लावली होती. घाबरून गप्प बसणं हे यंत्राला घर वाटत होतं. त्या घरापासून मूल जितकं दूर, तितका त्रास. मग हसणं म्हणजे त्रास. नाचणं म्हणजे त्रास. आणि आई येत नाही म्हणून आतल्या आत मिटत जाणं ही प्रकृती उत्तम असल्याची खूण. ओजूला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की बोट ओठांवर ठेवलं की दिवा हिरवा होतो आणि ताईचा चेहरा सैल पडतो.

पट्टा म्हणतो: त्रासात.

डॉक्टर तडवी यांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी पट्ट्याची बाजू घेतली. गावोगाव किती मुलं त्याच्यामुळे सापडली, त्यांचे आजार बरे झाले, ते सांगितलं. मग त्यांनी ओजूची मोजमापं पडद्यावर काढली.

"नवा नमुना घेऊ," मृण्मयी म्हणाली.

"घेता येणार नाही. शांत नमुना घ्यायला मूल शांत असावं लागतं. ती आत्ता शांत नाही, असंच तर तुझं म्हणणं आहे."

"मग जुना शोधू. आई असतानाचा."

पट्टा बांधल्यापासूनचं प्रत्येक मोजमाप साठवलेलं होतं, रंग काहीही पडलेला असो. त्यातला कुठला तुकडा खरा, हे ठरवायचं कसं, एवढाच प्रश्न होता. मृण्मयीला एक दिवस ठाऊक होता. पण तो आईच्या फोनमध्ये होता, आणि ओजूला आठवण नको म्हणून तो फोन मामानं बंद करून कपाटात ठेवला होता. तिनं तो काढला, चार्जिंगला लावला आणि डॉक्टरांकडे नेऊन दोघींनी मिळून पाहिला.

अंगण. पापडांचा दिवस. गल्लीतल्या बायका, पोळपाट, उन्हात अंथरलेल्या साड्या. मध्ये सपाट दगडावर उडदाच्या पिठाचा गोळा, आणि ओजू दोन्ही हातांनी मोगरी उचलून त्यावर आपटतेय. पीठ कुटायचं काम दरवर्षी तिचंच. धप. खदखदून हसणं. धप. मनगटावर दिवा लालभडक.

"अगं सुलभा, लाल झालं की ते," शेजारच्या लताकाकूंचा आवाज.

"होऊ दे लाल. पोरगी हसतेय, दिसत नाही का? फडकं टाक त्याच्यावर."

मग कुटणं संपतं. ओजू आईच्या मांडीला टेकून बसते. तेलात बुडवलेली कच्ची लाटी तोंडात, गाल फुगलेला, पाय लांब सोडलेले. आता ती हलतही नाही. नुसती चघळतेय. फडकं घसरलंय. दिवा अजून लालच आहे.

डॉक्टरांनी चित्रफीत तिथे थांबवली. त्याच घटकेचं पट्ट्याचं मोजमाप त्यांनी पडद्यावर शेजारी लावलं. ठोके मोकळे, दर श्वासागणिक कमीजास्त होणारे. श्वास खोल, पोटापर्यंत गेलेला. पाठ्यपुस्तकात विसाव्याचं चित्र म्हणून छापावं असं.

"यंत्र म्हणतं त्रास," डॉक्टर म्हणाल्या. "तू म्हणतेस सुख. समितीनं कुणाचं ऐकायचं?"

"कुणाचंच ऐकू नये. बघावं."

समितीनं पाहिलं. मामाही तिथे होता. सुलभाचा आवाज खोलीत आला तेव्हा तो हाताची घडी घालून ताठ बसला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. अध्यक्षांनी खूप शंका काढल्या. एका कुटुंबाच्या सांगण्यावरून रेषा बदलायची, तर उद्या प्रत्येक जण आपल्या आवडीचा दिवस घेऊन येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. भामरेताई उठल्या आणि हॉलमध्ये काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं, स्वतःला न वाचवता. शेवटी डॉक्टरांनी पापडाच्या दिवसाची रेषा धरून सगळी जुनी मोजमापं पुन्हा चालवून दाखवली. नाचाचे, झोपाळ्याचे दिवस हिरवे झाले. मग हिवाळा आला, आणि तिथून पुढे लाल, लाल, आजपर्यंत लाल. मृण्मयी ज्याला 'शाब्बास' म्हणाली होती तो प्रत्येक दिवस.

निर्णय अर्धाच झाला. नवी रेषा तात्पुरती मान्य. शाळेतल्या सगळ्या मुलांचे नमुने पुन्हा घ्यायचे. ओजूच्या बाबतीत पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं. तोवर तिच्या पट्ट्यात सुधारणा दिसली तर ठीक, नाही तर केंद्र आणि गोळी.

बाहेर जिन्यात डॉक्टर म्हणाल्या, की हा उदासीचा आजार आहे, शोकातून आलेला, आणि त्यावर उपचार आहेत. पण पहिला उपचार त्यांच्या हातात नव्हता. "आई कुठे आहे ते तिला सांग. गावाला नाही, देवाघरीही नाही. गावाहून माणूस परत येतं, देवाच्या घरून, देवळातूनही येतं. सरळ सांग."

मामा मागून आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आत्ता सांगितलं तर दिवा आणखी कित्येक दिवस लालच राहणार, आणि समितीला तेवढंच दिसणार. बैठक होऊ दे, मग सांग. नाशिकवाले तरी किती थांबतील?

"नाशिकला मी कळवलंय. थांबले तर थांबले."

"आणि नाही थांबले तर?"

"तर इथे काम बघेन. मामा, ती दाराकडे बघत बसते रोज. मी आता तिच्याकडून हिरवं मागणार नाही."

पट्टा म्हणतो:

अंगणात दगड होता तिथेच होता. मृण्मयीनं पीठ भिजवलं. लताकाकूंनी बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, की एवढ्या पाण्यात पापड नाही, पिठलं होईल, तुझ्या आईनं तुला काहीच कसं शिकवलं नाही. मग त्यांनी आणखी पीठ घातलं, गोळा नीट मळून दिला आणि न सांगताच आपल्या घरी गेल्या. मामा आला. आत न येता फाटकापाशी उभा राहिला, हाताची घडी घालून.

ओजूनं मोगरी ओळखली. उचलली. दोनदा आपटली, दिवा लालचा पिवळा झाला, आणि ती थांबली. आईच्या जागेकडे बघत राहिली.

"आई?" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी.

मृण्मयी तिच्यासमोर मांडी घालून बसली. तिनं हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. आरशात ते एवढं जड नव्हतं.

"ओजू, आई मेली."

"गावाला."

"नाही. गावाला नाही. मी खोटं सांगितलं होतं. आई आजारी होती ना, दवाखान्यात होती. ती मेली. तिचं अंग बंद पडलं."

"येणार?"

"नाही येणार."

ओजूनं लाटीएवढा गोळा तोडला. तोंडाशी नेला. तिथेच धरून ठेवला. दिवा आधी लुकलुकला आणि मग लाल झाला. तिनं तो पाहिला. गोळा खाली ठेवला. एक हात काखेत गेला, दुसरा त्यावर आला, बोट ओठांकडे निघालं.

मृण्मयीनं ते बोट वाटेतच धरलं. तेलकट होतं. ते तिनं आपल्या मुठीत घेतलं आणि सोडलं नाही.

आधी काहीच आवाज आला नाही. मग आला. हिवाळ्यापासून साठलेला, मोठा, बेढब, गल्लीभर जाणारा. समोरच्या घराची खिडकी उघडली. ओजू रडत होती आणि दगडावर उघडा तळहात आपटत होती. धप. धप. पट्टा लाल होऊन थरथरत होता, त्याला जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगत होता.

"मृण्मयी," फाटकातून मामा म्हणाला. "लाल झालंय गं."

"होऊ दे लाल."

तिनं फडकंही टाकलं नाही. आता दिवा खरं बोलत होता. त्याला बोलू द्यायचं होतं, समितीपुढेही. हे लाल काय आहे ते ती त्यांना सांगणार होती, हव्या तितक्या बैठकांत.

बऱ्याच वेळानं ओजूचा आवाज बसला. नाक वाहत होतं, केसांना पीठ लागलं होतं. तिनं मान वळवली आणि फाटकाकडे पाहिलं. मामा तसाच होता. घडी घट्ट, ओठ मिटलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले.

ओजू उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याला नीट न्याहाळलं. मग तिनं त्याचा वरचा हात धरून ओढला. तो सहज सुटेना. तिनं दोन्ही हातांनी ओढला, आणि मामाच्या हातांची घडी उसवली.